गाडी आता कोठे आहे?

(वाहनांतील संगणक व बिनतारी संदेशवहन या विषयावर नांदगाव खंडेश्वर येथे शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण आहे. खंडेश्वराचे जुने हेमाडपंती मंदिर ही या गावाची ओळख, आणि याच तालुक्यातील पापळ हे डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या गावाची निराळीच एक गोष्ट महत्त्वाची आहे. येथे रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग गावाच्या उत्तरेकडून बडनेरा, चांदूर रेल्वे, धामणगाव असा निघून जातो. त्यामुळे कापूस, तूर, सोयाबीन बाजारात न्यायचे असो, मुलीला महाविद्यालयात पाठवायचे असो, की रात्री अडलेल्या बाळंतिणीला अमरावतीस हलवायचे असो, सारे काही रस्त्यावरून, चाकांवरूनच व्हावयाचे. एस.टी.च्या गाड्याही बहुतांशी अमरावती, बडनेरा, चांदूर रेल्वे, यवतमाळ अशा बाहेरच्या आगारांतून येथे येतात. आगारातून निघालेली गाडी वाटेत कोठवर आली आहे, ती नादुरुस्त झाली आहे की मुळात सुटलेलीच नाही, हे मंगरूळ चव्हाळा किंवा धानोरा गुरव येथे वाट पाहणाऱ्या माणसाला समजण्याचा कोणताही उपाय गेली अनेक दशके नव्हता.

याच तालुक्याच्या शिवारातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. या मार्गावरून धावणाऱ्या मोठ्या मालवाहू कंपन्यांच्या ट्रकमध्ये हाताच्या पंजाएवढी एक पेटी बसविलेली असते. ट्रक कोणत्या गावाच्या हद्दीत आहे, किती वेगाने चालला आहे, कोठे किती मिनिटे थांबला, डिझेल किती उरले, हे शेकडो कोस दूर बसलेल्या मालकाला त्या पेटीमुळे घरबसल्या दिसते. म्हणजे सिमेंटची पोती आता कोठे आहेत हे त्यांच्या धन्याला ठाऊक असते. शाळेतून घरी निघालेली मुलगी ज्या गाडीत बसणार आहे ती गाडी कोठे आहे, हे मात्र तिच्या बापाला ठाऊक असेलच असे नाही. या तफावतीचा विचार करावयाचा, तर ती पेटी काय आहे हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे.

तत्पूर्वी जुनी व्यवस्था आठवावी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ आणि मराठवाड्यातील वाहतूक सेवा तिच्यात मिसळल्या व १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे आजचे रूप सिद्ध झाले. सुमारे अडीचशे आगारे आणि हजारो गाड्या यांचा हा पसारा कित्येक दशके केवळ कागदावर आणि माणसाच्या स्मरणशक्तीवर चालला. चालकाजवळ लॉगशीट, वाहकाजवळ वेबिल आणि तिकिटांची पेटी, बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाची नोंदवही, एवढीच काय ती साधने. गाडी रानात बंद पडली की चालक समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाजवळ निरोप देई. तो निरोप पुढच्या स्थानकावर पोहोचे, तेथून आगारात दूरध्वनी जाई, आणि मग दुरुस्तीची गाडी निघे. या साखळीत माणसे विश्वासू होती, म्हणूनच ती चालली. पण निरोप पोहोचेपर्यंत दोन-दोन तास जात, आणि मुक्कामी गाडी रात्री गावात आली नाही तर सकाळची पहिली फेरीही आपोआप बुडे. अशा बुडालेल्या फेरीचा हिशेब आगारात भारमान आणि किलोमीटर यांच्या भाषेत मांडला जाई. गावात तो चुकलेला पेपर, हुकलेली मजुरी आणि तहसिलीतली वाया गेलेली तारीख या भाषेत मांडला जाई.

आता पेटीकडे वळू. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. एक, उपग्रहांचे संदेश ऐकणारा ग्राहक. दुसरी, ते संदेश वाचून हिशेब करणारा व नोंदी साठविणारा छोटा संगणक. आणि तिसरी, मोबाईलच्या मनोऱ्यांमार्फत त्या नोंदी मध्यवर्ती संगणकाकडे पाठविणारी बिनतारी यंत्रणा. लोक या सगळ्याला मिळून जीपीएस म्हणतात. खरे पाहता जीपीएस हे त्यातील पहिल्याच भागाचे, तेही अमेरिकेने उभारलेल्या एका विशिष्ट उपग्रहमालेचे नाव आहे. पण रूढ झालेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही.

उपग्रह गाडीला पाहतात, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. उपग्रहाला गाडीचा पत्ताही नसतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह अखंडपणे एवढेच सांगत असतो की, आपण अमुक जागी आहोत आणि आपल्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर या गतीने येतो. उपग्रह अगदी डोक्यावर असला तरी तो खाली पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. पोहोचण्यास किती विलंब झाला यावरून ग्राहक आपले त्या उपग्रहापासूनचे अंतर काढतो. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपली जागा ठरते. परंतु गाडीतील स्वस्त घड्याळ बिनचूक नसल्यामुळे ती चूक काढून टाकण्यास चौथा उपग्रह लागतो. वेळेत एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. गणिताच्या शिक्षकांनी हा गुणाकार वर्गात फळ्यावर करून दाखविण्यासारखा आहे.

म्हणजे या विद्येचा प्राण घड्याळात आहे. भारतानेही तो अनुभव घेतला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने जुलै २०१३ ते एप्रिल २०१६ या काळात सात उपग्रहांची स्वतःची मालिका उभारली आणि तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. त्यातील पहिल्या उपग्रहावरील आयात केलेली तिन्ही अणुघड्याळे निकामी झाली, तेव्हा उपग्रह जिवंत असूनही स्थाननिश्चितीच्या कामाचा उरला नाही. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर प्रथमच स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ बसविण्यात आले. आजचे ग्राहक एकाच मालिकेवर विसंबत नाहीत. अमेरिकेचे, भारताचे, रशियाचे असे जे उपग्रह आकाशात सापडतील त्या सर्वांचे ते ऐकतात.

स्थान कळले तरी ते गाडीतच राहिले तर उपयोग काय? येथे बिनतारी संदेशवहनाचे काम सुरू होते. वाहनात बिनतारी यंत्र ठेवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी १९२८ सालीच आपल्या मोटारींत रेडिओ बसविले होते. त्या मोटारींना ऐकता येई, उत्तर मात्र देता येत नसे! मालवाहतुकीत खरी क्रांती झाली ती १९८८ साली, क्वालकॉम या कंपनीने ‘ऑम्निट्रॅक्स’ नावाची उपग्रहाधारित संदेशयंत्रणा बाजारात आणली तेव्हा. तोपर्यंत अमेरिकेतील ट्रकचालक रस्त्याकडेच्या सार्वजनिक दूरध्वनीसमोर रांग लावून कचेरीशी बोलत. श्नायडर नॅशनल या मोठ्या वाहतूक कंपनीने ती यंत्रणा आपल्या ट्रकांवर बसविली आणि रांगेत जाणारा वेळ वाचला. आपल्याकडे उपग्रहामार्फत ट्रकशी बोलणे परवडण्याजोगे नव्हते. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईल दूरध्वनीचा आरंभ झाला, मनोरे खेड्यापर्यंत पोहोचले, आणि मग ही पेटी स्वस्त झाली. आज तिच्यात माणसाच्या मोबाईलमध्ये असते तसेच सिमकार्ड असते. फक्त त्याचा क्रमांक दहा आकड्यांचा नसून तेरा आकड्यांचा असतो, कारण यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठी दूरसंचार विभागाने वेगळी क्रमांकमाला ठरविली आहे.

मनोरा नसेल तेथे काय होते, हा प्रश्न अमरावती जिल्ह्यात तरी कोणीही विचारील. परतवाड्याहून मेळघाटात शिरलेल्या गाडीचा संपर्क घाटात तुटतो. अशा वेळी चांगली पेटी गप्प बसत नाही. ती नोंदी पोटात साठविते व मनोरा भेटताच एकदम ओतते. भारतीय मानकानुसार तिने निदान ४०,००० नोंदी साठविल्या पाहिजेत. दर दहा सेकंदांस एक नोंद धरली तर हा साठा एकशे दहा तासांहून अधिक, म्हणजे साडेचार दिवस पुरतो. घाटात गेलेली गाडी घाटात असतानाच दिसली नाही तरी ती कोठे गेली होती हे नंतर निश्चित कळते. निगराणी आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि खेड्यांच्या दृष्टीने पुष्कळदा दुसरी अधिक मोलाची ठरते.

गाडीतील आणखी एका संगणकाचा उल्लेख केला पाहिजे. तो या पेटीतला नसून इंजिनाचा असतो. जुन्या डिझेल इंजिनात इंधनपंप निव्वळ यांत्रिक होता, आणि मिस्त्री आवाजावरून दोष ओळखीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ ची उत्सर्जन मर्यादा लागू झाल्यावर इंजिनाचा सारा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेला. इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, डिझेलचा खप हे सर्व आकडे त्या नियंत्रकात असतात, आणि १९८६ साली बॉश कंपनीने मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीने गाडीतील निरनिराळे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. पेटी त्या तारांना जोडली की गाडी रस्त्यात बंद पडण्यापूर्वीच तिच्या आजाराची वार्ता आगारात पोहोचू शकते. याला अर्थातच आगारात ती वार्ता वाचणारा आणि सुटे भाग हाताशी असलेला मिस्त्री लागतो.

ही पेटी सार्वजनिक वाहनांना सक्तीची झाली त्यामागे एक दुःखद घटना आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने देश हादरला. त्यानंतर जे उपाय सुचविले गेले त्यात सार्वजनिक वाहनांत स्थानशोधक यंत्र आणि संकटसमयी दाबावयाचे बटण असावे, हा एक होता. केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घातला. यंत्र कसे असावे याचे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेच्या मार्फत प्रसिद्ध झाले. ते एआयएस-१४० या नावाने ओळखले जाते. अंमलबजावणी काही काळ लांबली, आणि १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते बंधनकारक झाले. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांतून वगळल्या गेल्या. गाडीची बॅटरी तोडली तरी यंत्र स्वतःच्या बॅटरीवर काही तास चालले पाहिजे, आणि तोडल्याची सूचना त्याने तत्काळ दिली पाहिजे, असे मानक सांगते. सक्ती झालेल्या गाड्यांत लाल बटण असते. ते कशासाठी आहे हे किती विद्यार्थिनींना ठाऊक आहे? शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला ते सांगितले तर पाठ्यपुस्तकातील एखादे पान मागे राहील, पण बिघडणार काहीच नाही.

एस.टी. महामंडळाने २०१९ साली आपल्या गाड्यांवर वाहनशोधक यंत्रणा बसविण्यास आरंभ केला आणि २०२५ साली गाडीचे ठिकाण प्रवाशाला मोबाईलवर दाखविणारे ‘आपली एसटी’ हे ॲप आणले. कागदावर पाहता फाट्यावरच्या माणसाचा प्रश्न येथे सुटला. प्रत्यक्षात तो किती सुटतो हे एका अगदी साध्या गोष्टीवर अवलंबून आहे आणि तिचा उपग्रहाशी काही संबंध नाही. पेटी सांगते ती गाडीची जागा, म्हणजे अमुक क्रमांकाची बस अमुक ठिकाणी आहे, एवढेच. ही बस सकाळी साडेसहाची यवतमाळ फेरी करीत आहे की दहाची अमरावती, हे पेटीला कळत नाही. ते आगारातील माणसाने संगणकात भरावे लागते. आता पहाटे पाच वाजता एक गाडी सुरू होत नाही, नियंत्रक तिच्या जागी दुसरी गाडी लावतो, चालक-वाहक घाईघाईने तीत बसतात आणि गाडी वेळेवर सुटते. नियंत्रकाने आपले खरे काम चोख केले. परंतु गाडी बदलल्याची नोंद संगणकात झाली नाही, तर मोबाईलवर साडेसहाची गाडी आगारातच उभी दिसते, आणि ती पाहून घरी परतलेल्या प्रवाशासमोरून रिकामी बस निघून जाते. यंत्राने खोटे सांगितले नाही. तरी माणूस फसला. अशा दोन-तीन अनुभवांनंतर लोक ॲप पाहणे सोडतात आणि पुन्हा पानठेल्यावर चौकशी करू लागतात. कोट्यवधींच्या यंत्रणेचे यश पहाटेच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या नोंदीवर अवलंबून असते, आणि ती नोंद करणाऱ्यावर त्या क्षणी इतर दहा कामे असतात. सुधारणा हवी असेल तर प्रथम त्याच्या टेबलाकडे पाहावे लागेल.

पेटीमुळे सर्वांत स्पष्ट लाभ कोठे झाला असे विचारले तर १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेचे नाव घ्यावे लागेल. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ही सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ मध्ये प्रगत जीवरक्षक साधने होती आणि नियंत्रण कक्ष पुण्यास औंध येथे होता. नांदगाव खंडेश्वरातून केलेला दूरध्वनी पुण्यात घेतला जातो याचे कित्येकांना नवल वाटे. पुण्यातील माणसाला हे गाव नकाशात तरी सापडेल का, अशी शंका घेतली जाई. परंतु सर्व गाड्यांची जागा पडद्यावर दिसत असल्यावर नियंत्रक पुण्यात आहे की अमरावतीत, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो जवळची गाडी कोणती आणि ती मोकळी आहे काय, या माहितीने. तालुक्याची हद्द रुग्णाला अडवीत नाही. शेजारच्या जिल्ह्यातील नेरची गाडी जवळ असेल तर तिला पाठविता येते. कागदी व्यवस्थेत ही हद्द ओलांडणे किती अवघड होते, हे जुन्या कर्मचाऱ्यांस सांगावयास नको.

महसूल आणि पंचायत खात्यांचा या पेटीशी संबंध पाण्याचा टँकर व वाळूचा ट्रक यांमुळे आला. टंचाईच्या काळात खेपा मोजण्यासाठी टँकरवर जीपीएस बंधनकारक करण्यात आले. चिखलदरा तालुक्यासारख्या भागात दर उन्हाळ्यात टँकर लागतात, आणि खेपा कागदावर किती व विहिरीत किती, हा वाद टँकरइतकाच जुना आहे. पेटी येथे एक बाजू पक्की करते: टँकर गावात आला होता की नाही, आणि किती वेळा. तो भरलेला होता काय, हे मात्र तिला कळत नाही. म्हणून खेपेच्या वहीवरील गावकऱ्यांच्या, विशेषतः पाणी भरणाऱ्या स्त्रियांच्या स्वाक्षरीची गरज संपलेली नाही. उलट आता ती स्वाक्षरी आणि पेटीची नोंद एकमेकींशी ताडून पाहता येतात. देयक मंजूर करणाऱ्याने हे दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच यंत्राचा पैसा वसूल झाला म्हणावयाचे.

गौण खनिजांची वाहतूक करणाऱ्या वाहनांनाही राज्यात २०२२ साली जीपीएसची अट घालण्यात आली आणि वाहतुकीचे परवाने ‘महाखनिज’ या संगणकीय प्रणालीशी जोडले गेले. यामागील हेतू उघड आहे. रात्री वाळूचा ट्रॅक्टर अडवावयास गेलेल्या तलाठ्यांवर हल्ले झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. कचेरीत बसून जे दिसू शकते त्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालू नये, हा विचार योग्यच आहे. पण ज्याला लपावयाचे आहे तो पेटी काढून दुसऱ्या गाडीत ठेवील, तिच्या ॲन्टेनावर पत्रा घालील, किंवा नोंदणी नसलेल्या ट्रॅक्टरनेच वाहतूक करील. पेटी बंद झाल्याची सूचना ही त्यामुळे सर्वांत बोलकी सूचना समजावी. ज्या नदीकाठी रोज रात्री एकाच ठिकाणी पेट्या मुक्या होतात तेथे काय चालले आहे हे कळण्यास उपग्रहाची गरज नाही.

शाळेच्या गाड्यांबाबत २०११ साली महाराष्ट्राने स्वतंत्र नियम केले आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असे ठरविले. बऱ्याच ठिकाणी या समितीची सभा केवळ कागदोपत्री होते. गाडीत पेटी असेल तर समितीला सभेत बोलण्यास निदान एक विषय मिळतो: मागील महिन्यात गाडी किती वेळा वेगमर्यादेबाहेर गेली.

येथवर लाभाची बाजू झाली. आता ज्याच्या मागे ही पेटी बसविली जाते त्या चालकाचेही ऐकले पाहिजे. पेटीला वेग कळतो, जोराने दाबलेला ब्रेक कळतो, इंजिन चालू ठेवून गाडी किती वेळ उभी होती तेही कळते. या आकड्यांवरून चालकाला गुण दिले जातात. परंतु ब्रेक का दाबला हे तिला समजत नाही. समोर गुरे आली, खड्डा आला, फाट्यावर धावत येणाऱ्या म्हातारीसाठी गाडी थांबविली, या सर्वांची नोंद एकच: जोराचा ब्रेक. खड्ड्यांच्या रस्त्यावरील चालक यंत्राच्या लेखी बेपर्वा ठरतो आणि गुळगुळीत रस्त्यावरील चालक सज्जन. वास्तविक एकाच जागी पन्नास चालकांनी ब्रेक दाबला असेल तर त्या नोंदीचा कागद चालकाच्या हाती देण्याऐवजी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठविणे अधिक शहाणपणाचे होईल.

हेच यंत्र चालकाच्या बाजूनेही बोलू शकते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती, आणि खासगी वाहतुकीत ती किती पाळली जाई हे सर्वांस ठाऊक आहे. पूर्वी चालक बारा-चौदा तास चालवीत होता हे सिद्ध करणे त्याच्या घरच्यांना अशक्य असे. आता प्रत्येक दहा सेकंदांची नोंद मध्यवर्ती संगणकात आहे. त्या नोंदीवर हक्क मालकाचा की तिच्यात ज्याचे श्रम नोंदले गेले आहेत त्याचाही, हा प्रश्न यापुढे टाळता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. वाहतूक क्षेत्रात त्याचा अर्थ लावण्याचे काम पुढे करावयाचे आहे.

पेटीच्या मर्यादा सांगताना १ जुलै २०२३ च्या रात्रीचा उल्लेख टाळता येत नाही. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजानजीक नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्यू पावले. बस दाराच्या बाजूवर पडल्याने बाहेर पडण्याचा मार्गच बंद झाला होता. स्थानशोधक यंत्र गाडी कोठे पेटली आहे हे सांगू शकते. ते दार उघडू शकत नाही, काच फोडू शकत नाही. संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी, काच फोडण्याची हातोडी, झोप झालेला चालक यांची जागा कोणतीही पेटी घेणार नाही, आणि पेटी बसविली म्हणून या गोष्टींची तपासणी सैल झाली तर ती पेटी न बसविलेलीच बरी.

दुसरी मर्यादा अगदी घरगुती आहे. सिमकार्डाचे वार्षिक शुल्क संपले की पेटी मुकी होते. योग्यता प्रमाणपत्र घेण्यापुरती ती जिवंत ठेवावयाची व नंतर विसरून जावयाचे, असे खासगी वाहनांत होऊ शकते. शासकीय वाहनांत खरेदीसाठी अनुदान असते, पुढील वर्षांच्या शुल्कासाठी नसते. नगरपंचायतीच्या घंटागाडीवर किंवा ग्रामपंचायतीच्या टँकरवर अशी पेटी घेण्याचा ठराव करताना पाच वर्षांचे शुल्क, दुरुस्तीची जबाबदारी आणि ती रोज पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव या तीन बाबी ठरावातच लिहिल्या पाहिजेत. तिसरी बाब सहसा राहून जाते.

राहता राहिला प्रश्न नोंदी मागण्याचा. फेरी रद्द होते, तक्रार जाते, आणि फेरी नियमित चालू असल्याचे उत्तर येते, हा अनुभव अनेक ग्रामपंचायतींना आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २ मध्ये ‘माहिती’ची जी व्याख्या आहे तीत लॉगबुक आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आधारसामग्री या दोहोंचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे चालकाचे लॉगशीट आणि पेटीची नोंद ही दोन्ही, ती सार्वजनिक प्राधिकरणाजवळ असतील तर, मागता येतात व उत्तरासाठी सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत आहे. मात्र ‘आमच्या गावाला गाडी येत नाही’ असा मोघम अर्ज करून उपयोग नाही. अर्जात आगाराचे नाव, फेरीचा मार्ग, सुटण्याची नियत वेळ आणि ज्या दिवशी गाडी आली नाही त्या तारखा लिहाव्यात. त्यासाठी त्या तारखा गावात कोणीतरी टिपून ठेवल्या पाहिजेत. शाळेच्या हजेरीपटात बसने येणाऱ्या मुलांची गैरहजेरी असते. मुख्याध्यापकांनी त्या दिवसांपुढे ‘गाडी नाही’ एवढा शेरा पेन्सिलीने मारून ठेवला, तरी अर्जासाठी लागणारी अर्धी माहिती तेथेच तयार होते.